सिस्टीमनं कापलं

या अंकात कवितेची दोन पानं कमी केलीत. काढली ती माझीच कविता, दुसऱ्या कुणाची नाही, तेव्हा कुणी फुगून बसू नये. त्या जागी एक पासबुक वाचायचंय.

पासबुक नानांचं आहे. नाना आमच्या टोळीतले जुने गडी. मी मॅट्रिक झालो, नोकरीच्या नावानं वर्षभर चपला झिजवल्या आणि शेवटी गोदीत आलो. तेव्हा गोणीला आकडा कसा लावायचा, स्लिंगखाली का उभं राहायचं नाही, मुकादमाला उलट बोलायचं तर कुठल्या दिवशी बोलायचं, हे सगळं नानांनी शिकवलं. स्लिंगखाली उभं राहू नको म्हणणाऱ्या नानांच्याच पायावर एका रात्रपाळीला पोलादाची कॉइल आली. उजवा पाय गुडघ्याखाली गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, कंत्राटदाराच्या रजिस्टरात त्या रात्री नानांचं नावच नव्हतं. म्हंजे पाय गेला, पण कुणाचाच गेला नाही!

१९४८ साली गोदी कामगारांसाठी कायदा झाला होता. बोर्ड आलं, हजेरी आली, रोज सकाळी मुकादमाच्या तोंडाकडं बघत उभं राहणं काही वर्षं तरी संपलं. १९९४ साली मुंबईचं ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज माझ्यासारखे गोदीत असतातही आणि नसतातही. कंत्राटदाराची यादी बदलली की आम्ही बदललो. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. नानांचा दावा त्या कायद्याखाली चालू आहे आणि तारखा खातोय. ते प्रकरण कोर्टात आहे म्हणून इथं जास्त लिहीत नाही. कोर्टात न गेलेल्या प्रकरणाबद्दल लिहितो.

सर्टिफिकेट मिळालं. सत्तर टक्के अपंग. केंद्र सरकारची ३०० रुपयांची अपंग पेन्शन आहे, २०१२ पासून तेवढीच आहे, पण तिला दारिद्र्यरेषेखालचं नाव लागतं आणि ऐंशी टक्के अपंगत्व लागतं. नानांना दहा टक्के अपंगत्व कमी पडलं. कारकून म्हणाला, "थोडक्यात गेलं." नाना म्हणाले, "साहेब, पाय तर सगळाच गेलाय."

राहिली राज्याची संजय गांधी योजना. तिला चाळीस टक्के चालतात. २०२३ च्या जुलैपासून महिना १,५०० रुपये. नानांचा अर्ज पास झाला आणि आम्ही वस्तीत जिलेबी वाटली. आता पासबुक उघडू.

नानांचं हे खातं कंत्राटदारानं काढलेलं. पगार बँकेतून द्यायचा असा नियम दाखवायला त्यानं एके दिवशी सगळ्या टोळीचे अंगठे-सह्या घेतल्या आणि पगाराची खाती उघडली. पगाराच्या खात्याला शिल्लक ठेवायची अट नसते. नानांचा पाय गेला, पगार थांबला. काही महिने पगार आला नाही की बँक असलं खातं आपोआप साध्या बचत खात्यात टाकते, आणि साध्या खात्याला किमान शिल्लक लागते. हे नानांना कुणी सांगितलं नाही. त्यात आधार नंबर शेवटी ज्या खात्याला जोडला तिथंच सरकारी पैसा जाऊन पडतो. अर्जावर दुसऱ्या बँकेचं नाव लिहिलं तरी पैसा आधारामागं जातो. नानांचा आधार याच खात्याला. तर माणूस अपंग झाला त्याच कारणानं त्याचं खातं महाग झालं, आणि पेन्शन नेमकी त्याच महाग खात्यात आली.

गेल्या साली, २०२५ मध्ये, तीन महिने पेन्शन आली नाही. का आली नाही याचा कागद नाही. कुणी म्हणालं आधार पडताळणी, कुणी म्हणालं हयातीचा दाखला, कुणी म्हणालं वरूनच निधी नाही. नाना कुबडी घेऊन तहसीलला तीनदा गेले, जिवंत आहे हे दाखवायला. मग एके दिवशी तीन महिन्यांचे ४,५०० एकदम जमा झाले. नाना एटीएमवर गेले, ४,००० टाकले. मशीननं नाही म्हटलं. ३,००० टाकले. नाही. मग ते माझ्याकडं आले. पासबुक छापून आणलं. मी ते असं वाचलं:

हप्ता परतला म्हणून ५०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हंजे ५९०. असं तीनदा. १,७७०.

किमान शिल्लक नाही म्हणून ३०० आणि जीएसटी. ३५४.

खात्यात पैसे नसताना एटीएममध्ये कार्ड घातलं म्हणून २५ आणि जीएसटी, दोनदा. ५९.

एसएमएस पाठवल्याचे १७ रुपये ७० पैसे.

एकूण २,२०० रुपये ७० पैसे. साडेचार हजारातले राहिले २,२९९ रुपये ३० पैसे. दुसऱ्या दिवशी फायनान्सवाल्यांनी ८९९चा हप्ता ओढला. राहिले १,४००. तीन महिन्यांच्या पेन्शनीतून नानांच्या हातात एका महिन्याचीसुद्धा आली नाही.

आता कुणी शहाणा विचारील, हप्ता कसला? सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. नातीच्या कॉलेजसाठी मोबाईल घेतला, महिना ८९९. सही नानांनीच केली. हप्ता चुकला हे खरं. पण का चुकला? पेन्शन आली नाही म्हणून चुकला. सरकारनं तीन महिने उशीर केला. त्याचा दंड सरकारनं भरला का? नाही. दंड भरला नानांनी. आणि त्या दंडावरचा अठरा टक्के जीएसटी गेला कुठं? सरकारच्याच तिजोरीत. उशीर करणारा तोच, आणि उशिराच्या दंडावर कर खाणाराही तोच. दोस्तांनो, हे वाक्य मी तीनदा लिहून तीनदा खोडलं, कुठं चुकतंय का बघितलं. चुकत नाही.

मी रजा टाकून, म्हंजे एक दिवसाची मजुरी बुडवून, नानांबरोबर बँकेत गेलो. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. आमच्याच वयाचा, गळ्यात पट्टा, समोर पन्नास माणसांची रांग. त्यानं स्क्रीन बघितला आणि म्हणाला, "अहो, हे आम्ही नाही कापलं. सिस्टीमनं कापलं."

हे वाक्य घेऊन मी त्या रात्री झोपलो नाही. सिस्टीमनं कापलं. म्हंजे कुणीच नाही कापलं. आमच्या आज्याला सांगितलं होतं, बाबा रे, तू गावकुसाबाहेर राहतोस ते कुणी ठेवलं म्हणून नाही, तुझं मागच्या जन्मीचं खातं तसं आहे. कोण कापतं? कुणीच नाही. कर्म कापतं. ब्राह्मणाचा दोष नाही, पाटलाचा दोष नाही, पोथीत लिहिलंय. आता पोथीची जागा मशीननं घेतली आणि मागच्या जन्माची जागा मागच्या तिमाहीनं. पण पोथी कुणीतरी लिहिली होती, हे आपल्याला एका माणसानं दाखवून दिलं आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ती जाळली. तसाच सिस्टीममध्ये आकडासुद्धा कुणीतरी भरलेला असतो. पाचशे रुपये हा आकडा आभाळातून पडत नाही. एका खोलीत बसून काही माणसं तो ठरवतात, आणि ठरवताना त्यांना माहीत असतं की हा आकडा लाखाची शिल्लक असणाऱ्याला कधीच लागणार नाही.

या दंडाची गंमत बघा. ज्याच्याकडं पैसे आहेत त्याला तो पडत नाही. ज्याच्याकडं नाहीत त्यालाच पडतो, आणि नाहीत म्हणूनच पडतो. सावकार निदान कर्ज तरी देत होता. इथं नाना कर्जदार नाहीत, ठेवीदार आहेत, बँकेनं त्यांना एक पैसा दिलेला नाही, तरी ते बँकेचं देणं लागतात!

हे एकट्या नानांचं नाही. संसदेत सरकारनंच दिलेली माहिती आहे. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिल्लक नाही म्हणून खातेदारांकडून जवळजवळ ८,५०० कोटी रुपये घेतले. देशातल्या सगळ्यात मोठ्या सरकारी बँकेनं हा दंड २०२० साली बंद केला, २०२५ सालात आणखी काही सरकारी बँकांनी केला. चांगलं झालं. पण ओरड झाली म्हणून झालं, दया आली म्हणून नाही. आणि खाजगी बँकांचं काय? २०२५ च्याच ऑगस्टात एका बड्या खाजगी बँकेनं शहरातल्या नव्या खात्याला ५०,००० रुपये शिल्लक ठेवायची अट काढली. बोंबाबोंब झाल्यावर १५,००० वर आणली. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणाले, हे ठरवणं बँकेचं काम आहे. ५०,००० रुपये! माझ्या वस्तीत एवढे पैसे एका जागी फक्त मयताच्या वर्गणीत दिसतात, तेसुद्धा फार मोठा माणूस मेला तर.

गरिबासाठी वेगळं खातं आहे ना, असं म्हणतील. आहे. २०१२ साली रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, साधं मूलभूत खातं द्या, शिल्लकीची अट नको, महिन्यात चार वेळा पैसे काढणं फुकट. २०१४ च्या ऑगस्टात जनधन आलं ते याच पायावर. पण गरिबाचं फुकट किती फुकट असतं? आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी हिशोब मांडून दाखवला की त्याच सगळ्यात मोठ्या बँकेनं या मूलभूत खात्यांवर चाराच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावले आणि २०१५ ते २०२० या काळात ३०० कोटींच्या वर गोळा केले. मोबाईलवरनं दहा रुपये दिले तरी १७ रुपये ७० पैसे. पुढं काही पैसे परत करावे लागले, सगळे नाही.

आणि ओव्हरड्राफ्ट? हा शब्द मी पहिल्यांदा गोदीतल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या तोंडून ऐकला. तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, काळजी नको, ओडी आहे. खात्यात पैसे नसताना पैसे काढायची सोय. श्रीमंताच्या खात्यात पैसे नसले तर ती 'सोय', गरिबाच्या खात्यात नसले तर तो 'गुन्हा'. जनधन खात्यालाही ओव्हरड्राफ्ट आहे बरं का. २०१८ पासून १०,००० रुपयांपर्यंत, आणि २,००० पर्यंत तर अटीसुद्धा लावायच्या नाहीत असं कागदावर आहे. जाऊन मागा. मी आमच्या गल्लीतल्या एका मावशींबरोबर जाऊन मागितला. काउंटरवरचा माणूस आमच्याकडं असा बघत राहिला की जणू आम्ही त्याच्या घरचं पाणी प्यायला मागितलं.

२०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटींची थकलेली कर्जं आपल्या वहीतून काढून टाकली. हीसुद्धा संसदेतलीच माहिती. सरकार म्हणतं, वहीतून काढणं म्हंजे माफी नव्हे, वसुली चालूच असते. ठीक आहे, मान्य. मग नानांचे १,७७० सुद्धा वहीतून काढा आणि वसुली चालू ठेवा की! आम्ही कुठं पळून जाणार? नानांना एकच पाय आहे.

आता त्या गोड नावाबद्दल. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं, अपंगांना विकलांग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. पुढं खात्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. आपल्याला ही गोष्ट ओळखीची आहे. आपल्यालाही एकदा देवाची लेकरं म्हणून एक गोड नाव दिलं होतं. हरिजन. हक्क मागितला की नाव मिळतं, हा या देशाचा जुना रिवाज. बाबासाहेबांनी ते नाव घेतलं नाही. नाना म्हणतात, "दिव्य अंग असतं तर मशीननं पैसे दिले नसते का?"

नाव दिलं आणि कायदा? कायदाही आहे. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, २०१७ च्या एप्रिलपासून लागू. त्याच्या चोविसाव्या कलमात लिहिलंय की अपंगांना मिळणारी मदत ही तशाच योजनेत इतरांना मिळणाऱ्या मदतीपेक्षा निदान पंचवीस टक्के जास्त पाहिजे. संजय गांधी योजनेत इतर निराधारांना १,५०० आणि अपंगालाही १,५०० च होते. पंचवीस टक्के म्हंजे ३७५. २०२३ च्या जुलैपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत सत्तावीस महिने. माझा मॅट्रिकचा हिशोब सांगतो, नानांचे १०,१२५ रुपये सरकारकडं राहिले. त्यावर कुणी जीएसटी लावला? कुणी एसएमएस पाठवला? २०२५ च्या ऑक्टोबरपासून अपंगांचे २,५०० झाले. ते अपंगांनी रस्त्यावर बसून, उपाशी राहून मिळवले, म्हणून त्याचं स्वागत. पण मडक्याला भोक असलं तर वरून पाणी जास्त ओतून काय होणार? जास्त पाणी गळणार.

आपल्या लोकांनाही दोन शब्द बोलायचेत. गोड लागणार नाहीत.

बाबासाहेबांचं 'रुपयाचा प्रश्न' हे पुस्तक १९२३ साली लंडनला छापलं गेलं. पुढं हिल्टन यंग कमिशनसमोर त्यांनी साक्ष दिली. रुपया म्हंजे काय, तो कुणाच्या हातात स्वस्त होतो आणि कुणाच्या हातात महाग, हा त्या माणसाच्या अभ्यासाचा विषय होता. आणि आपण काय करतो? चौदा एप्रिलला डीजे लावतो. बॅनरवर नेत्याच्या फोटोखाली आपला फोटो मोठा आला का बघतो. त्या बॅनरच्या खर्चात आमच्या वस्तीतल्या चाळीस म्हाताऱ्यांची पासबुकं छापून, वाचून, अर्ज टंकून झाले असते. मी स्वतःला वगळत नाही. नाना माझ्या खोलीपासून चार दारं सोडून राहतात. त्यांच्या खात्यातून पैसे जात होते तेव्हा मी रात्री 'व्यवस्थे'वर कविता लिहीत होतो. व्यवस्था चार दारं सोडून बसली होती.

म्हणून काय केलं आणि काय झालं, ते सांगतो. हे भाषण नाही, करून बघितलेलं आहे.

रिझर्व्ह बँकेचा २०१४ च्या नोव्हेंबरातला आदेश आहे, २०१५ च्या एप्रिलपासून लागू. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावायच्या आधी खातेदाराला कळवलं पाहिजे, शिल्लक भरायला निदान एक महिना दिला पाहिजे, आणि निव्वळ या दंडामुळं खातं शून्याच्या खाली जाता कामा नये. आम्ही लेखी विचारलं, कळवलं कधी? बँक म्हणाली, एसएमएस पाठवला. कुठल्या नंबरावर? बघितलं तर खातं उघडताना कंत्राटदारानं सगळ्या टोळीला एकाच सुपरवायझरचा नंबर टाकलेला! नानांचे एसएमएस दुसऱ्याच्या खिशात वाजत होते आणि १७ रुपये ७० पैसे नानांचे जात होते. अर्जाला पोच घेतली. त्या ३५४ ला आणि १७.७० ला उत्तर नव्हतं. ते ३७१ रुपये ७० पैसे परत आले. बाकीचे १,८२९ आले नाहीत. कागदावर सही आहे म्हणाले.

मग खातं मूलभूत खात्यात बदलून घेतलं. लेखी अर्ज दिला की बदलून मिळतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. मोबाईल नंबर बदलला. हप्त्याची परवानगी बँकेत अर्ज देऊन काढून घेतली, ते आपल्या हातात असतं. पण लक्षात ठेवा, परवानगी काढली म्हणून कर्ज जात नाही. फायनान्सवाल्यांकडं जाऊन पेन्शन जमा होईल तसा हप्ता हातानं भरायचं ठरवलं. त्यांनी आधी डोळे वटारले, मग मानलं. २०२३ चा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे की हप्ता चुकल्याच्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. ही गोष्ट तोंडपाठ असली की समोरच्याचा आवाज खाली येतो.

पासबुकाच्या मागच्या पानांत आणखी एक नोंद सापडली. आदल्या साली २० रुपये कापलेले. चौकशी केली तर अपघात विम्याचे. नानांना न विचारता काढलेला विमा. एक पाय गेला तर एक लाख. पाय आधीच गेलेला! नाना हसले. एवढ्या सगळ्यात ते एकदाच हसले.

१,८२९ साठी आता लोकपालाकडं तक्रार टाकलीय. रिझर्व्ह बँकेची ही एकत्रित योजना २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. आधी बँकेकडं लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर तिथं. फी नाही, वकील नाही. १४४४८ नंबरावर माहिती मिळते. निकाल काय लागेल सांगता येत नाही. लागला की याच पानावर छापू, हरलो तरी छापू.

आपल्या मागण्या साध्या आहेत. एक, ज्या खात्यात पेन्शन येते ते खातं आपोआप मूलभूत धरा, म्हाताऱ्याला अर्ज घेऊन पळवू नका. दोन, पेन्शनीच्या रकमेतून कुठलाही दंड कापायचा नाही, मग तो नाव काहीही घेऊन येवो. तीन, पेन्शन ठरल्या तारखेला नाही आली तर उशिराचा दंड सरकारनं भरायचा, आणि तोसुद्धा माणसाला तहसीलला न बोलावता. चार, सत्तर वर्षांवरच्यांना आणि अपंगांना बँकेची सेवा घरपोच द्या असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ च्या नोव्हेंबरात सांगितलंय. ती सेवा फुकट द्या. चालता येत नाही म्हणून दाराशी येण्याचे पैसे घेणं म्हंजे कुबडीवर भाडं लावणं आहे.

मागण्या मंत्र्याकडं जातील तेव्हा जातील. तोवर येत्या रविवारपासून वस्तीच्या बुद्धविहारात सकाळी दहाला सतरंजी टाकतोय. ज्याच्या घरात पेन्शनीचं पासबुक आहे त्यानं ते छापून आणावं. मॅट्रिक झालेल्यानं वाचावं, कॉलेजात गेलेल्यानं अर्ज लिहावा, ज्याच्याकडं दोन पाय आहेत त्यानं अर्ज घेऊन जावं आणि पोच घेऊन यावं. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही. इतर वस्त्यांतल्या दोस्तांनी आपापल्या विहारात, वाचनालयात, नाहीतर नळाच्या कट्ट्यावर हेच करावं आणि कुठली नोंद कितीची सापडली ते आम्हाला कळवावं. आकडे छापू.

एका कवी मित्रानं या लेखाचा कच्चा खर्डा वाचला आणि विचारलं, "यात साहित्य कुठंय?" त्याला पासबुक दिलं. म्हटलं, यातली एक ओळ तरी खोटी काढून दाखव. तो गप्प बसला. येत्या रविवारी तोही येतोय. त्याचं अक्षर चांगलं आहे, अर्ज त्यालाच लिहायला देणार.

जय भीम.